घराकडे न वळलेली वाट

नकाशा उघडण्याआधी जमीन पायांनी वाचायची, आणि बाबा चालत असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा घरचा नियम. गोल्फची मैदानं आखण्यात त्यांची हयात गेली. लेक खुंट्यांची पिशवी घेऊन मागे चालायची. हल्ली बाबांना सकाळचं दुपारी आठवत नसे. हे मैदान शेवटचं, हे दोघंही जाणून होती.

त्या दिवशी मात्र बाबा पाण्यासारखे वाहिले. उताराच्या कलाने वळले, टेकडीला अलगद बगल दिली, वारा कधी पाठीवर घेतला, कधी तोंडावर. एक होल संपतो न संपतो, तोच दोन पावलांवर दुसऱ्याची सुरुवात. अठराव्या होलला खेळ फिरून जिथे परत यायला हवा, ते क्लबहाउस मागे पडत चाललंय, हे लेकीला अर्ध्या वाटेतच दिसलं. वळतील आता, आता वळतील, असं म्हणत ती गप्प खुंट्या ठोकत राहिली. अठरावा होल संपला तो पार पल्याडच्या कुंपणापाशी.

"आलं बघ घर," बाबा म्हणाले, आणि मोकळ्या गवतात दाराची कडी चाचपू लागले.

मैदानाच्या मालकाने खुंट्यांवरून नजर फिरवली. "खेळून दमलेली माणसं इथून काय खांद्यावर घालून परत न्यायची?"

"क्लबहाउस इकडे हलवता येईल? अशी आखणी पुन्हा होणार नाही हो."

"पाया भरलाय, ताई. घराला चाकं असती तर आणलं असतं." मग त्याचा आवाज उतरला. "तुम्हीच बदला. त्यांना कशाला सांगायचं?"

तिने एकेक खुंटी उपटली. वाट घराकडे वळवायची तर टेकडी सरळ छातीवर घ्यावी लागत होती. तिने घेतली.

आठवड्याने बाबांना घेऊन ती नव्या आखणीवरून निघाली. अर्ध्या चढावर ते धापा टाकत थांबले.

"कुणी आखलंय गं हे?"

"आहे एक जण."

"जमिनीला काही विचारलंच नाही मेल्याने. नुसती घर गाठायची घाई." त्यांनी गुडघा दाबला. "दुसरा धंदा बघ म्हणावं त्याला. सांगशील ना?"

"सांगते, बाबा."

निम्मा चढ बाकी होता. तिने त्यांना कमरेत धरलं, आणि दोघं तो चढू लागली.