सोंडेआडचं एक वाक्य

चाळीस वर्षं न्यायालयात लघुलेखन करून निवृत्त झालेल्या माणसाला नाटकात काम मिळून मिळून काय मिळणार? लिहिण्याचंच. ज्येष्ठ मंडळींच्या नाट्यमंडळात स्टेनोकाकांच्या वाट्याला हत्तीचं डोकं आलं.

नाटक त्या थोरल्या महाकाव्याच्या जन्माचं होतं. गोष्ट सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते. एका ऋषींच्या डोक्यात लाखभर श्लोक साचले. इतकं साचलं की उतरवून घ्यायला कुणीतरी हवं झालं, आणि शोधता शोधता गजमुख देव सापडले. देवांनी अट घातली, की माझी लेखणी थांबली तर मी उठून जाईन. ऋषीही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, मान्य, पण अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. मग जरा दम खायचा असला की ऋषी एखादा असा गाठीचा श्लोक सोडायचे, की देव कान खाजवत बसत. आणि ते कान म्हणजे खाजवायला वेळ लागणारच.

स्टेनोकाकांना ही गोष्ट आपल्या धंद्यातली वाटायची. एक तर सांगणारा हाच त्या गोष्टीतल्या अर्ध्याअधिक मंडळींचा आजोबा, म्हणजे साक्षीदार नात्यातला. त्याने शिष्याला सांगितलं, शिष्याने राजाला सांगितलं, तिथे बसलेल्या कुणी तरी ऐकून पुढे अरण्यात जाऊन सांगितलं. न्यायालयात ही सगळी ऐकीव साक्ष म्हणून पहिल्याच दिवशी बाहेर गेली असती. अस्सल कागद एकच, देवांनी लिहिलेला. आणि नेमका तोच फाइलमधून गहाळ. स्टेनोकाकांना याचं नवल वाटत नसे. चाळीस वर्षांत त्यांनी याहून जाड फायली गहाळ होताना पाहिल्या होत्या.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर होते. नाटकाचे लेखक तेच, दिग्दर्शक तेच, ऋषीही तेच. निवेदक होता त्यांचा मेहुणा, कारण माईक त्याच्या घरचा होता. देवाचा मुखवटा मंडळानेच कागदाच्या लगद्याचा केला होता. त्याचा एक दात मोडका होता. मोडला नव्हता, लगदा संपला होता.

पहिल्याच तालमीत स्टेनोकाकांनी हात वर केला.

“मॅनेजरसाहेब, ती अट देव स्वतः घालतात ना?”

“अर्थात.”

“मग ते वाक्य मेहुण्यांच्या तोंडी कसं?”

“अहो, तुम्ही देव. देव कधी बोलतो का?”

“अट तर घातली.”

“सूचित केली.” मॅनेजरांनी हवेत हात वळवला. “सोंडेने.”

मेहुणा माईकवर फुंकर मारत म्हणाला, “काका, सोंडेतून आवाज घुमेल हो. माझा कसा स्वच्छ येतो.”

विषय संपला. स्टेनोकाका बसले आणि लिहू लागले.

अडचण अशी होती, की वाक्य मिळाल्याचं ते घरी सांगून बसले होते. त्याला कारण बायको. भूमिका कळल्यावर ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती, “चाळीस वर्षं न्यायाधीशांपुढे गप्प, घरी माझ्यापुढे गप्प, आता लोकांपुढे गप्प. बढतीच म्हणायची.” त्यावर स्टेनोकाकांच्या तोंडून निघून गेलं, “एक वाक्य आहे मला.” बायकोने सुरी खाली ठेवली. “कुठलं?” ते म्हणाले, “लेखणी थांबली, की मी उठलो.” तिने ते दोनदा म्हणायला लावलं आणि त्याच दुपारी आपल्या दोन्ही बहिणींना फोन केले. पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या धरून झाल्या.

त्यानंतर तीन वेळा त्यांनी वाक्य मागितलं. पहिल्यांदा मॅनेजर म्हणाले बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, आधी तालमीला वेळेवर या. स्टेनोकाका रोज दहा मिनिटं आधी येत. तिसऱ्यांदा मॅनेजर दाढी लावून घेत होते, त्यामुळे काय म्हणाले ते नीट कळलं नाही, पण नकार होता.

एव्हाना स्टेनोकाकांच्या चार वह्या भरल्या होत्या. लिहिण्याचा अभिनय त्यांना जमत नसे. पेन्सिल हातात आली आणि समोर कुणी बोलू लागलं की हात आपोआप चालायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका साक्षीदाराची कुरकूर त्यांनी निरुपयोगी म्हणून सोडून दिली होती. न्यायाधीशांनी चष्मा काढून सांगितलं होतं, “काय गाळायचं ते मी ठरवीन. तुम्ही गाळायचं नाही.” तेव्हापासून स्टेनोकाकांनी काही गाळलं नाही. तालमीत जे ज्याच्या तोंडून निघालं ते दिवस आणि वेळेसकट त्यांच्या वहीत उतरलं.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला, एका शाळेच्या सभागृहात होता. स्पर्धेतला चौथा आणि शेवटचा. परीक्षक म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या आणि पहिल्या तीन नाटकांनी त्यांचे डोळे जड केले होते. पहिल्या रांगेत बायको मध्ये, दोन्ही बाजूंना बहिणी. धाकटी बहीण हळूच विचारत होती, “झालं का वाक्य?” आणि बायको म्हणत होती, “झालं असतं तर मी गप्प बसले असते का?”

मेहुण्याने माईकवरून अट सांगून टाकली. स्वच्छ आवाजात. बायकोने मान वळवून माईककडे पाहिलं, मग मुखवट्याकडे. सोंडेआड स्टेनोकाकांनी मान खाली घालून लिहिणं चालू ठेवलं.

अकराव्या मिनिटाला मॅनेजर दोन्ही हात पसरून गर्जले, “काळाच्या कपाळावरचा घाम…” आणि थांबले.

थांबले ते थांबलेच. विंगेत संहिता घेऊन उभं राहायला माणूस ठेवला नव्हता. स्वतः लिहिलेलं कुणी विसरतं का, असं मॅनेजरच म्हणाले होते. मेहुण्याजवळ फक्त मेहुण्याची वाक्यं होती. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मॅनेजरांची दाढी वाऱ्याने हलत होती, ओठ हलत नव्हते.

पेन्सिल थांबली. स्टेनोकाकांनी तिच्याकडे पाहिलं. अट म्हणजे अट. ते उठून उभे राहिले आणि चाळीस वर्षांचा घसा साफ करून म्हणाले,

“लेखणी थांबली, की मी उठलो.”

पहिल्या रांगेतून एकच टाळी आली. कडकडीत.

मॅनेजरांची बोबडी वळली. “बसा हो, बसा!” ते दाढीतून पुटपुटले. “मागचं… मागचं वाचून दाखवा!”

हे शब्द स्टेनोकाकांनी आयुष्यात हजारो वेळा ऐकले होते. गुडघे आपोआप वाकले, हाताने वहीची पानं मागे उलटली, परवाच्या तालमीतली तीच जागा सापडली आणि तोंड चालू झालं. सपाट, स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं.

“‘काळाच्या कपाळावरचा घाम म्हणजेच इतिहास. याचा अर्थ मला विचारू नका, टाळी येते एवढं ठाऊक आहे. तो पंखा कमी करा, दाढी तोंडात जाते. कुठे होतो मी? हां. माझ्या नातवांनो, एका घरात वाढलात आणि एकमेकांच्या गळ्याला हात घातलात! मेहुण्या, माईक लांब धर, थुंकी उडते. तुझ्या बहिणीने डोकं खाल्लं म्हणून घेतलंय तुला.’”

विंगेतला माईक चालूच होता. “मी ताईला सांगेन हं!” सगळ्या सभागृहाने ऐकलं.

“मी असं म्हणालोच नाही!” ऋषी किंचाळले.

स्टेनोकाकांनी वादात पडणं कधीच पसंत केलं नव्हतं. त्यांनी पानाचा वरचा कोपरा वाचला. “‘शुक्रवार. पाच वाजून दहा मिनिटं.’”

सभागृह फुटलं. मुख्याध्यापिकाबाई जाग्या झाल्या. मॅनेजरांच्या अंगाची लाही लाही झाली होती, पण बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या बोलण्याला कुणी मनापासून हसलं नव्हतं. हाताखालचे हसायचे, पण ते बढतीच्या महिन्यात. हे हसू वेगळं होतं. ते क्षणभर घुटमळले, मग दाढीवरून हात फिरवून देवांच्या शेजारी येऊन बसले आणि चक्क नम्रपणे विचारू लागले, “बरं, पुढे काय म्हणालो मी?”

पुढे ते बरंच काही म्हणाले होते. नातवांच्या युद्धात चहाची ऑर्डर होती, राजसभेत कंबरदुखीवरचं तेल होतं. ऋषींनी बहाद्दरीने रचलेल्या एका गाठीच्या श्लोकानंतर, “हा मी कशाला लिहिला?” असंही होतं. अर्धा तास देव सांगत होते आणि ऋषी ऐकत होते.

लेखनाचं पहिलं बक्षीस याच नाटकाला मिळालं. मुख्याध्यापिकाबाई प्रमाणपत्र आणि पेन घेऊन विंगेत आल्या.

“लेखक म्हणून कुणाचं नाव घालू?”

मॅनेजरांनी स्टेनोकाकांकडे पाहिलं. मेहुणाही पाहू लागला. स्टेनोकाकांनी मुखवटा काखेत धरला होता, सोंड मागे लोंबत होती.

“घाला यांचंच,” ते म्हणाले. “शब्द सगळे यांचे. मी फक्त गाळलं नाही.”

बाईंनी मॅनेजरांचं नाव लिहिलं. मॅनेजरांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं, घडी करता येत नाही म्हणून छातीशी धरलं आणि जरा बाजूला येऊन हळूच विचारलं, “काका, पुढच्या प्रयोगाआधी ते सगळं एकदा साफ लिहून द्याल? मला पाठ करावं लागेल.”

“देतो.”

“आणि ते तुमचं वाक्य… ते राहू द्या. मेहुण्याला मी सांगतो.”

“ताईलाही सांगावं लागेल,” मेहुणा दुरून म्हणाला.

बाहेर तिघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी डोळे पुसत होती, हसून हसून.

“काय हो,” बायको म्हणाली, “एक वाक्य म्हणाला होतात. अर्धा तास थांबायलाच तयार नव्हतात.”

“ते मी बोलत नव्हतो, वाचत होतो. माझं एकच होतं.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “त्यालाच टाळी वाजवली. बाकी मी हात मांडीवर ठेवून बसले होते.”

स्टेनोकाकांनी मुखवटा मेहुणीच्या हातात दिला, खिशातून वही काढली आणि फाटकाशी उभं राहून ते टिपून घेतलं. रविवार. चार वाजून वीस मिनिटं.