कुलपं उघडायला गेलेला माणूस

योगराजचा अंधश्रद्धेवर विश्वास नव्हता. सुरतच्या उधन्यातल्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःच ते सगळ्यांना सांगत असे. बी.कॉम. झालेला, साड्यांच्या मार्केटात पार्सलांवर देखरेख करणारा माणूस. ग्रहण लागलं की मुद्दाम गच्चीवर जाऊन वाफवलेल्या डाळीचा सुरती लोचो खायचा, आणि कुणी पाहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोटो पाठवायचा.

अशा माणसाची बायको, जयश्री, सकाळपासून कळा देत होती आणि दुपार झाली तरी बाळ यायचं नाव घेत नव्हतं. योगराज हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. भिंतीवरचे सगळे गुजराती तक्ते वाचून झाले होते; स्तनपानाबद्दल आता तो भाषण देऊ शकला असता. आतून जयश्रीचा आवाज आला की तो दाराकडे धावायचा. आवाज थांबला की त्याहून जोरात धावायचा.

बाकावर त्याची आई शोभाबाई पदर खोचून बसली होती. तिचं निदान तयार होतं.

"घरमा कायतरी बंद शे," ती म्हणाली. "म्हणीसन पोरगं अडकनं. जाय, घरना सगळा कुलपं उघाड. डबासना झाकणं काढ, गाठी सोड. आन वाटमा कोनासंगे बोलजो नको. बोलना का समदं वाया."

"आई, हे काय आता?"

"मंग तू आठे काय करी राहिना? फरशी झिजाडी राहिना."

हे मात्र खरं होतं. योगराजला पटलं काहीच नाही, पण काहीतरी करायला मिळालं. विश्वास आईचा, पाय आपले, असा हिशेब करून तो निघाला.

रिक्षावाल्याला त्याने हातवारे करून पत्ता सांगितला. रिक्षावाला बिचारा हळहळला. "बोल नहीं सकते भैया? कोई बात नहीं, ऊपरवाला देखता है," म्हणाला, आणि वाटभर स्वतःच्या मुक्या मेहुण्याची हकिकत सांगत राहिला. योगराजने मान डोलावली. मान डोलावण्याला आईने बंदी केलेली नव्हती.

घरी पोचल्यावर त्याच्यातला बी.कॉम. जागा झाला, अर्धवट काम त्याला खपत नसे. दार, कपाट, खिडक्या, स्कूटरची डिकी. डाळीतांदळाचे डबे. कुकर. कपडे वाळत घालायच्या दोरीची गाठ ओढून सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. एवढ्यात खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी. कर्ज देतो म्हणणारे लोक दुपारीच फोन करतात, असा त्याचा अनुभव होता. शिवाय बोलायचं नव्हतं. फोन पुन्हा वाजला. त्याने त्याचा आवाज बंद करून तो खिशात टाकला.

उरली आईची लोखंडी पेटी. तिची किल्ली वडील गेले तेव्हापासून सापडत नव्हती. शहाणा माणूस इथे थांबला असता. योगराजने शेजारून हातोडी आणली, तीही खुणा करून. कुलूप जुनं, इमानदार होतं. बराच वेळ तुटलं नाही. शेवटी तुटलं. आत पितळेची भांडी आणि डांबरगोळ्या होत्या.

घर सताड उघडं टाकून तो घामाघूम हॉस्पिटलात परतला, तेव्हा मूल झालं होतं.

"क्यां हता तमे?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "केटला फोन कर्या!"

मग त्यांनी हिंदीत समजावलं. बाळ मोठं होतं, ठोके मंदावत होते, ऑपरेशन करायचं ठरलं होतं. जयश्री स्वतः ओरडून सांगत होती, "करा ऑपरेशन, माझी सही घ्या!" पण हॉस्पिटलच्या रिवाजात पोट बाईचं आणि सही घरच्यांची. शोभाबाईने पेन बाजूला सारून, "मना आंडोर यी राहिना, थांबा," म्हणजे मुलगा येतोय, एवढंच सांगितलं. थांबता थांबता डोकं इतकं खाली आलं की ऑपरेशनची वेळ निघून गेली. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. जीव वाचवायला ओढावं लागलं. उजव्या हाताच्या नसा ताणल्या गेल्या. हात हलत नव्हता.

"बऱ्याच मुलांचा सुधारतो," बाई म्हणाल्या. "काहींचा नाही. व्यायाम आम्ही शिकवू. पण घरी ओढायचं नाही, चोळायचं नाही. अजिबात."

जयश्री भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याची चाहूल लागल्यावर तिने मान वळवली.

"कुठं होतात?"

"घरी."

"कशाला?"

"कुलपं उघडायला."

"उघडली?"

"हो."

"सगळी?"

"हो."

तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर योगराजला बरं वाटलं असतं. तो पाणी आणायला गेला. मग बिस्किटं आणायला. मग काय आणायचं ते न सुचून नुसताच जिन्यावरून खाली-वर करून आला.

जयश्री बाळाला घेऊन घरी आली, त्याच आठवड्यात शोभाबाईने मालिशवाल्या सरलाबाईला बोलावलं. अर्ध्या उधन्यातली पोरं तिच्या हाताखाली मळली गेली होती. पाटावर पाय पसरून, बाळ नडग्यांवर घेऊन ती बसली. बाळाचा उजवा हात कापडाच्या कडेला ठेवल्या जागी पडून होता.

"नस सरकेल शे," ती म्हणाली. "दोन्ही हात आडवा ताणसू, का बठी जाई."

"डॉक्टरांनी ओढू नका म्हटलंय," जयश्री खाटेवरून म्हणाली.

"डॉक्टरनीच ओढं ना पहिलं!" शोभाबाई म्हणाली. हे बिनतोड होतं. मग ती योगराजकडे वळली. "तू आठे नको उभा राहू. जाय, खोबरेल लई ये."

योगराजने चपला घातल्या. पाय आपोआप दाराकडे वळले. गल्लीच्या तोंडावर दुकान होतं. तेल घेऊन परत येईपर्यंत इथलं जे व्हायचं ते होऊन गेलं असतं, आणि आपण तर तेल आणायला गेलो होतो.

"तुम्ही बोलणार आहात," जयश्रीने विचारलं, "का टाके घेऊन मीच उठू?"

सरलाबाईने बाळाचं मनगट धरलं.

"सोडा," योगराज म्हणाला. "हात सोडा त्याचा."

"भो, मी चाळीस वरीस–"

"सोडा म्हणतो ना!"

चपला पायातच ठेवून तो पाटाजवळ बसला आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं, उजव्या हाताखाली तळवा देऊन बाळ उचलून मांडीवर घेतलं. सरलाबाई पदराला हात पुसत उठली. शोभाबाई म्हणाली, "जलमभर लुळा राहिना तर तुना मुळे."

"हो," योगराज म्हणाला. "माझ्यामुळेच."

ती आत गेली. भांडी आपटल्याचे आवाज येऊ लागले. दुकान, मार्केट, फिजिओथेरपीची चौकशी, कुठंही चालेल पण उठावं असं योगराजला फार वाटत होतं. मांडी खालीवर उडत होती.

"पाय हलवू नका," जयश्री म्हणाली. "झोपलाय तो."

त्याने गुडघा हाताने दाबून धरला.