वास गेला, मी राहिले

मी असोद्याच्या मंजुळाबाईच्या हातची चिंध्यांची बाहुली बोलतेय. तोंड माझं काळ्या दोऱ्याचं, तरी एवढं ऐकून घ्या.

मंजुळाबाईनं आपल्या आईचं विरलेलं लुगडं फाडून मला बेतलं, शेतातला कापूस पोटात ठासला आणि लेकीच्या, मंदाच्या, कुशीत दिलं. मंदा मला एका हाताला धरून गावभर ओढायची. तो हात सारखा उसवायचा. पुढं ती मोठी झाली आणि मी पेटीत गेले. पावसाळे आले-गेले, अंगाला कुबट वास धरला.

मंदाचं लग्न धुळ्याला ठरलं तेव्हा पेटी उघडली. "माय, हाई मी लई जासू," ती मला उराशी धरून म्हणाली.

"अशी कुबट? थांब."

वास काढण्यात मंजुळाबाईचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. शेजारणींच्या गोधड्या तिच्याकडे यायच्या. तिच्या रीतीत पाणी शेवटी. आधी मला खाटेवर उन्हात उलटंपालटं केलं, छडीनं झटकलं. मग पत्र्याच्या डब्यात कोळसे आणि वेखंडाची पूड भरून मला आत कोंडलं. शेवटी रिठ्याच्या फेसानं पुसलं. पोटातला जुना कापूस चुलीत, नवा आत. मी नवरीसारखी निघाले.

सासरी झुंबरबाईनं, मंदाच्या सासूनं, मला चिमटीत उचलून गल्लीला दाखवलं. "माहेरथून काय लई उनी? चिंध्यास्नी बाहुली!"

हा टोमणा मंदानं किती वर्षं ऐकला! लेक झाली, छबू, तेव्हा तिनं मला पाळण्यात ठेवलं.

त्या दुपारी छबू शेजारी खेळायला गेली होती. चूल थंड होती. मंदा भिंतीशी बसून माझा उसवलेला हात शिवत होती. मागून रॉकेलचा डबा तिच्या डोक्यावर रिता झाला. माझ्यावरही सांडला. ओतणाऱ्या हातातल्या बांगड्यांचा आवाज मी त्या घरात रोज ऐकत होते. काडी ओढली गेली आणि मंदानं मला दूर भिरकावलं. मी कणगीमागे पडले. पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. धूर पोटातल्या कापसापर्यंत गेला.

"चूलवर भाकरी करता करता पदर पेटना," झुंबरबाई येईल त्याला सांगत होती. "आम्ही काय करसूत, बाई?"

घर सारवलं, गोधड्या धुतल्या. माझी आठवण कोणाला राहिली नाही. मंजुळाबाई नातीला न्यायला आली तेव्हा छबूनं मला कणगीमागून ओढून फ्रॉकमध्ये लपवलं.

असोद्याला आल्यावर मात्र ती मला घेऊन झोपेना. "आजी, हिले कंदीलना वास येस."

लेकरानं बरोबर सांगितलं होतं. चुलीचा नाही, कंदिलाचा. पण रडून रडून मंजुळाबाईचं नाक बंद होतं, आणि कान छबूच्या हुंदक्याकडे होते. तिला माझ्या अंगावरची काजळी तेवढी दिसली.

"थांब मनी बाय, काढी देस मी."

पुन्हा ऊन, छडी, कोळसा, वेखंड, रिठा. पोटातला कापूस तिनं चुलीत टाकला, तर भपकन जाळ आढ्याकडे गेला. "वाळेल व्हता," ती स्वतःशीच म्हणाली. मी आतून ओरडत होते. वास हीच माझी जीभ होती, आणि ती मायेच्या हातानं उपटली.

मंजुळाबाईचा भाऊ आधार पोलीस ठाण्यात खेटे घालत होता. एक दिवस तो ओट्यावर येऊन मटकन बसला.

"अक्का, जमादार म्हणस, चूलवर पेटनी. रॉकेल व्हतं म्हणतस, तं एखादं कापड दखाडा. कोठून दखाडू? बठ्ठं धोई टाकं त्यास्नी."

मंजुळाबाई तशीच उठली. छबूच्या हातातून मला ओढलं, नाकाशी धरलं. वेखंड. पोटाची शिवण दातांनी तोडली, नाक आत खुपसलं. नवा कापूस. मग चुलीपाशी बसून ती राख उकरू लागली.

"अक्का, काय व्हयनं?"

"मीच मनी मंदानं तोंड दाबी टाकं रे, आधार."

कागदावर चूलच लिहिली गेली.

आज छबू नववीत आहे. मी खुंटीला असते. मंजुळाबाईनं त्यानंतर कोणाच्या गोधडीला हात लावला नाही. डोळ्यांना तिला कमी दिसतं, नाक अजून तिखट आहे. रोज सकाळी मला खाली काढते, हुंगते, परत टांगते.

परवा आधारभाऊ सांगून गेला, झुंबरबाईनं धाकट्या लेकासाठी सून आणली.

त्या पोरीच्या मायबापांनो, तिची एखादी चिंधी तुमच्या घरी आली आणि तिला वास येत असला, तर पाण्यात घालू नका. घरातलं लेकरू काय म्हणतं ते आधी ऐका. माझ्याकडे बघा. मी किती स्वच्छ आहे! कोणीही पोटाशी धरावं अशी. आणि माझ्या अंगावर मंदा कुठंच नाही.