उलट्या अक्षरांची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. माझ्या अंगावर दोन अक्षरं आहेत, पण उलटी. त्यामुळे बरीच वर्षं मला कुणी वाचलं नाही. लेखनात असं होतंच.

पोखर्णीजवळच्या वीटभट्टीवर माझा जन्म झाला. येडबा साच्यात चिखल थापायचा. त्याची बायको भागुबाई कोळसा चाळायची आणि संध्याकाळपर्यंत काळीठिक्कर व्हायची. एकदा येडबानं साच्याच्या तळाला अक्षरं कोरली. तिथं ती सुलट होती, म्हणून माझ्यावर उलटी उमटली. मालकाला ती नक्षी वाटली.

मग आम्हाला रचून मधल्या थरांत कोळसा भरला आणि भट्टी पेटवली. मित्रांनो, कोळशासारखा दाता मी पाहिला नाही. कित्येक युगं जमिनीखाली गप्प पडून होता, ट्रकमधून आला आणि माझ्यासाठी राख झाला. स्वतः काळा, पण मला लाल करून गेला. लोक भिंतीचं कौतुक करतात, गवंड्याचंही करतात. कोळशाचं नाव निघतं ते धुरापुरतं. धुराची बाजू मात्र मी घेणार नाही.

मी गावच्या शाळेच्या भिंतीत उभी राहिले. यंदा ती भिंत पाडली. आम्ही भराव म्हणून खड्ड्यात जाणार होतो. तेव्हाच भागुबाईचं घर बांधायला काढलं होतं.

"जल्मभर लोकायच्या घराला विटा भाजल्या," ती म्हणाली. "माज्या घरात आपल्या भट्टीची एक तरी पायजे."

ट्रॅक्टर भरायच्या आत ती ढिगाऱ्यात शिरली. नक्षीवरून तिनं मला ओळखलं आणि बांधकामाच्या जागी आणलं.

"आत्या, वीट धरा बरं, सेल्फी काढू," दैवशाला नावाची तिची सून म्हणाली.

सेल्फी काढताना मोबाइलच्या पडद्यावर सगळं आरशासारखं उलटं दिसतं. मी आधीच उलटी, म्हणून सुलट झाले.

"आत्या, हितं 'भागू' लिव्हलंय."

भागुबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. येडबा सिमेंटची पोती निरखायला लागला होता.

"मला सांगाया काय झालं व्हतं?"

"तुज्या तोंडावर कोळसा व्हता. लाजलीस का न्हाई, कळलं नसतं."

"म्हातारं लय येडं हाय," भागुबाई म्हणाली आणि पदरानं माझ्यावरची माती पुसू लागली.

मित्रांनो, भिंत पाडाल तेव्हा विटा जपून काढा. वीट पुन्हा लावता येते, कोळसा पुन्हा जळत नाही.

आता दारातून कुणी आत आलं की मी दिसते. माझ्यावर गिलावा करू दिला नाही. समोरच्या भिंतीवर भागुबाईनं आरसा टांगलाय. वेणी घालायला, असं ती सांगते.