जुनी आवृत्ती, पुढचा नंबर

“अगं, हा मुका झाला परत! तुझ्या त्या डब्याला काय धाड भरली?”

सासूबाईंची हाक ऐकून थोरली सून ऑफिसचं काम टाकून आतल्या खोलीत धावली. तिचा नवरा लॅपटॉपसमोर बसून डावं बोट एका चौकटीवर आपटत होता. चौकट कोरी. शेजारचीही कोरी.

लकव्याने वाचा गेल्यापासून तो या चौकटींतूनच बोलायचा. ब्राउझरला जोडायचं ते एक्स्टेन्शन थोरलीच्याच ऑफिसचं. चौकटीत वाक्य लिहून ठेवायचं, दाबलं की कॉम्प्युटर बोलतो. एका बोटाने, घाम गाळत, त्याने घरभर पुरतील एवढी वाक्यं रचली होती. ‘आई, तुझी टकळी बंद कर.’ थोरली दिसली की ‘वाघीण आली, पळा.’ टकळी ऐकली की सासूबाई तोंडभर शिव्या द्यायच्या आणि पाठ फिरवून हसायच्या.

सकाळी एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती सगळ्यांच्या मशीनवर गेली होती आणि तिने साठवलेली वाक्यं पुसून टाकली होती. पाठवली थोरलीनेच. तपासली नव्हती असं नाही. पण तपासली कोऱ्या मशीनवर. जिथे कुणी कधी काही साठवलंच नाही, तिथे पुसलं काय जाणार? रिकाम्या घरात भांडण ऐकायला जावं, तसली ती तपासणी.

“मागे घेते, आई. जुनीच परत पाठवते.”

“मग पाठव की! तोंड काय बघतेस?”

“नंबर मात्र पुढचा द्यावा लागतो. मागचा नंबर दिसला तर लोकांची मशीनं घेत नाहीत.”

“म्हणजे जायचं मागे आणि सोंग पुढे निघाल्याचं! तुझं ऑफिस अगदी आपल्या नातेवाइकांवर गेलंय.”

दुपारी साहेबांचा फोन आला. “जुनी आवृत्ती पोचली सगळीकडे. मिटलं.”

“लोकांनी साठवलेलं गेलंय, साहेब.”

“लिहितील परत.”

थोरलीच्या जिभेवर साहेबांच्या सात पिढ्या आल्या. तिने त्या गिळल्या. चुकलेल्या माणसाची जीभ गहाण असते. वाक्यं ऑफिसात कुठेच नव्हती. लोकांचं घरगुती बोलणं आपल्याकडे कशाला, ते ज्याच्या त्याच्या मशीनवर राहू दे, हा हट्टही तिचाच होता.

ती नवऱ्याशेजारी बसली. “अहो, मला सगळी पाठ आहेत. मी लिहिते.”

‘वाघीण’ एवढंच लिहून झालं आणि त्याने तिचा हात बाजूला सारला. रागाने नाही, ताटात नको असलेलं बाजूला करतात तसा.

“बरं, तू लिही,” सासूबाई म्हणाल्या. “लिही ना रे! म्हण मला, टकळी बंद कर. म्हण की मेल्या!”

त्याने बोट उचललं. ते हवेत राहिलं आणि मांडीवर पडलं.

जुन्या आवृत्तीबरोबर कंपनीच्या तयार चौकटी तेवढ्या परत आल्या होत्या. गुळगुळीत, कुणालाही चालतील अशा.

सासूबाईंनी त्याला पाणी पाजलं, हनुवटीवरचा ओघळ पुसला. त्याने त्यांच्याकडे न बघता एक चौकट दाबली.

“आपले मनःपूर्वक आभार,” कॉम्प्युटर म्हणाला.

सासूबाईंनी पेला आवाज न करता खाली ठेवला आणि परक्याच्या घरी टेकावं तशा त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.