सवलतीतलं कार्ड

“ह्याच्यावर सवलत किती हाय?” आमच्या यांनी विचारलं.

काउंटरमागचा मुलगा हातातल्या खोक्याकडे बघत म्हणाला, “आहे ना काका. चांगली आहे.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होते. तो मुलगा म्हणजे आमचा जावई, उमेश. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण सासऱ्यानं जावयाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आज पाहत होते ते लोणावळ्यातला एक दुकानदार म्हणून. निदान माझी तरी तशी समजूत होती. घरून निघताना मी एवढंच सांगितलं होतं, की बाजाराच्या मागं एका दुकानात कॉम्प्युटरच्या सामानावर सवलत चाललीय. दुकान कुणाचं ते पोटात ठेवलं. तळेगावापासून लोकलमध्ये शेजारी बसून आले, पण ओठातून शब्द काढला नाही. माझ्यासारख्या बाईला हे किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

आमचे हे, बजरंगराव, इंदुरीच्या पाणीपुरवठ्यावर असतात. सकाळी नदीकाठच्या पंपघरात जायचं, मोटार चालू करायची, टाकी भरली की बंद करायची. जन्म गेला त्यात. पाणी वेळेवर आलं तर गावात यांचं नाव कुणी काढत नाही, आणि नाही आलं तर माणसं थेट दारात येऊन शिव्या घालतात. अशा माणसाजवळ स्वतःचं म्हणून काय असतं? दिलेला शब्द, बस्स. आणि तोच यांनी नको तिथं देऊन ठेवला.

समीक्षा तळेगावला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करायला उमेश यायचा. पवनेच्या पलीकडे डोंगरात एक वाडी आहे, तिथला हा मुलगा. त्याची आई चिमाबाई करवंदं-जांभळं विकून घर चालवणारी. मुलगा शिकलेला, शांत, निर्व्यसनी. पण आमच्यातला नव्हता, एवढं भावकीला पुरलं. चुलत दीर राजेंद्र भरल्या घरात म्हणाला, “पोरीनं नाक कापलं. आता बजरंग काय करतोय ते बघायचं.” झालं, यांचं डोकं फिरलं. तसेच तरातरा देवळात गेले, भैरवनाथाचा भंडारा हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ह्या पोरीशी मी जल्मात बोलणार न्हाई.” लेक देवळाच्या पायरीशी उभी होती. तिनं ऐकलं आणि मागच्या आळीनं निघून गेली.

मला कुणी विचारलंच नाही. मी काही शब्द दिला नव्हता, म्हणून मी तिला रोज फोन करायचे, यांच्या डोळ्यांदेखत.

तिचा कॉम्प्युटर मागं राहिला. पगारातून एकेक भाग आणून तिनं तो जोडला होता, खास गेम खेळायला. चालू केला की आतून निळा उजेड पडायचा. लग्नानंतर हे म्हणाले, “इकून टाक ते धूड.” मी म्हटलं, तुमीच इका. विकला तर नाहीच, उलट रोज संध्याकाळी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसून ठेवायचे. मी बघायचे आणि गप्प बसायचे. असल्या वेळी माणसाला बोलून दाखवलं की तो बिथरतो.

एकदा लेकीचे फोटो बघावेत म्हणून मी तिलाच फोनवर विचारत विचारत तो चालू केला. फोटोंऐवजी लागला गेम. त्यात हिरवंगार शेत, लाल ट्रॅक्टर, लांबवर डोंगर. हे पंपघरातून आले आणि दारातच थबकले.

“हे रान कुणाचं?”

“तुमच्या लेकीचं,” मी म्हटलं.

खुर्ची ओढून बसले ते चहा निवेपर्यंत उठले नाहीत. आमचं रान रस्त्यात गेल्यापासून यांनी औताला हात लावला नव्हता. आता रोज रात्रीच्या जेवणाआधी नांगरट सुरू झाली. पहिल्यांदा ट्रॅक्टर ओढ्यात घातला, मग कुणाच्या तरी कंपाउंडात. मी हसले की म्हणायचे, “तू हाण मग.”

मी लेकीला हे सांगितलं. आबा किती वाजता बसतात, ते तिनं दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यांच्या शेतात आणखी एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, अगदी यांच्या वाटेत आडवा.

“हे कोण आलं आता?”

“मला काय ठावं. असंल कोनतरी,” मी भाजी चिरत म्हटलं.

यांनी हॉर्न वाजवला. तो ट्रॅक्टर हलेना. यांनी वळसा घातला, तर तो पुन्हा आडवा. लहानपणी समीक्षा अशीच पंपघराच्या दारात आडवी बसायची, यांना कामावर जाऊ द्यायची नाही. हे पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “लय हट्टी हाय.” एवढंच. त्यानंतर दोघं रोज एका शेतात यायचे. हे नांगरायचे, ती पेरायची. गेममध्ये लिहून बोलता येतं म्हणे, पण यांनी एक अक्षर कधी लिहिलं नाही. शब्द म्हणजे शब्द. आणि संध्याकाळी पाच मिनिटं उशीर झाला तर जीव मात्र कासावीस.

मी देवाला म्हणायचे, एवढं तरी राहू दे बाबा.

तर तेही राहिना. एके दिवशी पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा आल्या, जळकट वास आला आणि सगळं काळं झालं. तळेगावचा एक कारागीर येऊन बघून गेला. म्हणाला, “ग्राफिक्स कार्ड गेलं. कॉम्प्युटरला चित्र दाखवणारा भाग असतो हा. नवीन लय महाग पडंल.” ते ऐकलं आणि यांचं जेवणच तुटलं. पंपघरातून यायचे, काळ्या पडद्यासमोर बसायचे, उठून ओट्यावर जायचे. तिकडे लेक फोनवर रडायची, “आई, आबांचा ट्रॅक्टर येतच नाही गं.” मला तर दोघांनाही धरून बडवावंसं वाटत होतं. तासाभराच्या वाटेवरची माणसं जणू सातासमुद्रापलीकडे बसली होती.

शेवटी तिनंच सुचवलं. उमेशनं लोणावळ्यात दुकान टाकलंय, आबांना घेऊन ये, तो आपणहून काही सांगणार नाही. म्हणून आम्ही इथं.

“बोल की,” हे उमेशला म्हणाले. “किती पडंल?”

उमेशनं आकडा सांगितला. तो ऐकून मीच चपापले. तळेगावच्या कारागिरानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यालाही तो धड पोचत नव्हता. पोरानं फार माया केली, पण माया लपवायची अक्कल त्याला नव्हती.

“निम्म्यात?” यांनी भुवया चढवल्या. “जुनं हाय का?”

“नाही काका, सीलबंद आहे.”

“मग चोरीचं हाय?”

“नाही नाही. स्टॉक काढायचा आहे. मॉडेल जरा मागचं आहे, म्हणून…” त्याच्या कपाळावर घाम आला. खोक्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीवर त्यानं अंगठा दाबून धरला होता.

“अंगठा काढ,” हे म्हणाले.

त्यानं काढला नाही. मी मध्ये पडले. “आवो, देतोय तर घ्या की. कशाला इचारत बसताय?”

“तू थांब.” यांनी खोकं त्याच्या हातातून घेतलं, चष्मा वर करून किंमत वाचली आणि खोकं काउंटरवर ठेवून दिलं. आवाज चढला. “न्हाई घ्यायचं मला हे.”

वाटलं, कळलं यांना. आता हे तडक उठून स्टेशनवर जाणार आणि उरलेला धागाही तुटणार. उमेशचा चेहरा पार उतरला. तो म्हणाला, “काका, राग येऊ देऊ नका. मला वाटलं, थोडी मदत…”

“मदत?” हे म्हणाले. “लेकीला पोर होईस्तवर बाप तिच्या घरचं पाणीसुदिक पीत न्हाई आमच्यात. हे दुकान म्हंजी तिचंच घर की. आन तू मला निम्म्यात कार्ड देतोस व्हय?”

बाहेर एक रिक्षा थांबली आणि गेली.

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी काउंटरला हात टेकला. “तुमाला ठावं व्हतं?”

“कॉम्प्युटर चालू केला की गेम लागायच्या आधी पडद्यावर ह्याचाच फोटू यायचा, तिच्या शेजारी. वरीसभर रोज बघतोय. मी काय आंधळा हाय?” मग उमेशकडे वळून म्हणाले, “तुझ्या दुकानात समद्यांना काय सवलत हाय?”

उमेशनं दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

“तेवढी दे. गिऱ्हाईक म्हणून माझा हक्क हाय, तो मी सोडणार न्हाई. पर जावयाकडनं सवलत घेणार न्हाई मी.”

जावई हा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. दोन वर्षं मी त्यासाठी कुठं कुठं नारळ फोडले होते. आणि आला तो असा, भांडणाच्या सुरात, एका खोक्यावरून. मला रडू आलं ते मी पदरानं पुसलं आणि पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागले, दुसरं करणार काय.

उमेशनं पाटीवरच्या हिशेबानं पैसे घेतले. कार्ड पिशवीत घातलं. मग भीत भीत विचारलं, “आबा, हे बसवावं लागेल. मी येऊ का घरी?”

काकाचे आबा झाले होते. हे पिशवीचं तोंड बांधत राहिले. चांगली बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधली.

“रईवारी ये,” हे म्हणाले. “दिवसा ये. मागल्या आळीनं येऊ नको, येशीतनं ये. देवळासमोरनं.”

“येतो.”

आम्ही पायरी उतरलो. चार पावलं गेल्यावर हे मागं वळले आणि रस्त्यातूनच म्हणाले, “आन एकट्यानं येऊ नको.”

रविवारी दोघं आली. वेशीतून, देवळासमोरून. भावकी पारावर बसलेली होतीच, रविवारी त्यांना दुसरा उद्योग काय. राजेंद्र तिथूनच ओरडला, “बजरंग, शबूद दिलता ना रं?”

हे अंगणात उभे होते. म्हणाले, “दिलता. मोडला न्हाई. पोरीशी बोललो का मी? जावयाशी बोलतोय. ये रं उमेश, आत ये.”

समीक्षा उंबऱ्याशी थांबली. किती वाळली होती माझी पोर. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायावर पाणी घातलं. “आबा,” ती म्हणाली. हे नुसते दारातून बाजूला झाले.

उमेशनं कॉम्प्युटर उघडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि कार्ड बसवलं. निळा उजेड पडला. मग पडद्यावर ते दोघांनी पेरलेलं शेत आलं. पीक गुडघ्याएवढं झालं होतं.

हे रोजच्या सवयीनं खुर्चीवर बसले. लगेच उठले. खुर्ची मागं ओढली आणि समीक्षाकडे बघून मान हलवली. ती बसली. हे तिच्या मागं उभे राहिले. मी दारात, उमेश जमिनीवर अवजारं गोळा करत होता, म्हणजे करतोय असं दाखवत होता.

यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतात. देवानं एवढं माफ केलं असतं, मी स्वतः जाऊन त्याच्या पाया पडले असते. पण हे बोलले नाहीत. यांनी हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, मोटारीचं ग्रीस नखांत बसलेला तो रखरखीत हात.

समीक्षानं ट्रॅक्टर चालूच केला नाही. हात काढून घेतील म्हणून ती हललीसुद्धा नाही.