दुसरं रीडिंग

संघप्रिया दिवसातून चाळीस-पन्नास वेळा एका माणसाचं नाव लिहायची, आणि तो माणूस होता हे तिला कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

आखातातल्या या बेटावर मआमीर गाव मागे टाकलं की सित्राचे कारखाने सुरू होतात. त्यांच्या रांगेत तेल तपासायची एक लहानशी लॅब आहे. जहाजांच्या इंजिनांतलं, जनरेटरमधलं तेल बाटल्या भरभरून तिथे येतं. ते काचेच्या बारीक नळीत भरायचं, नळी चाळीस डिग्रीला तापवलेल्या पाण्याच्या बाथमध्ये उभी करायची, आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला तेल किती सेकंद घेतं ते स्टॉपवॉचवर धरायचं. दाट तेल रेंगाळतं, पातळ तेल पळतं. त्यातून जो आकडा निघतो, त्याच्यापुढे लिहायचं : सेंटीस्टोक्स. जसं किलो, जसं लिटर, तसं हे.

सांगितलं प्रबुद्धने. दोन वर्षांपूर्वी, जेवताना.

"अगं, स्टोक्स म्हणजे माणूस आहे. आयर्लंडचा. तू दिवसभर परक्या पुरुषाचं नाव लिहीत बसतेस आणि नवऱ्याला पत्ता नाही!"

त्यांची सावनी तेव्हा नऊ वर्षांची. ती इतकी हसली होती की तिच्या नाकातून ताक आलं होतं.

मार्चमध्ये प्रबुद्ध गेला. हमद टाउनच्या राउंडअबाउटजवळ त्याने गाडी बाजूला घेतली, हॅझर्ड लाइट लावले, हँडब्रेक ओढला, आणि गेला. हँडब्रेकचं पोलिसांनी सांगितलं. संघप्रियाने त्यावर मान हलवली, जशी ती नळी स्वच्छ झाल्यावर हलवायची. अकोल्याला नेलं, भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, बाया गळ्यात पडून रडल्या. ती रडली नाही. लीव्ह संपली तशी परत आली. सोबत सासूबाई आल्या, भागीरथाबाई, व्हिजिट व्हिसावर.

तेव्हापासून तिच्या तोंडात एकच शब्द होता. चालेल. भात करू की पोळ्या? चालेल. एसीचा माणूस उद्या येईल? चालेल. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भागीरथाबाई म्हणाल्या, "माहा व्हिसा सरत आला वं. पोरीले मी नेतो संगं अकोल्याले. तू ड्युटीवर, पोरगी दिवसभर एकली. तिकडं काका हाय, चुलतबहिणी हाय." तेव्हाही ती म्हणाली, "चालेल."

सावनीला तिने त्याच रात्री सांगितलं, भांडी पुसता पुसता. "आजीबरोबर जाशील ना? तिकडे बरं वाटेल तुला."

"ओके," सावनी म्हणाली.

झालं. तिकिटं शनिवारची निघाली. शाळेचा टीसीचा फॉर्म आला. त्यावर आईची सही हवी होती, आणि गुरुवारी सकाळी तो ऑफिसात द्यायचा होता. फॉर्म पर्समध्ये पडून राहिला. सही करायला काही हरकत नव्हती. पेन हातात नसायचं, इतकंच.

त्याच गुरुवारी सावनीचं सायन्सचं प्रेझेंटेशन होतं. कुठल्याही एका शास्त्रज्ञावर. नाव तिने बाबा असतानाच देऊन ठेवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रंगीत तालीम घेतली. उंच काचेची बरणी, तिच्यात आईने लॅबमधून आणलेलं जाड पिवळं तेल, आणि बाबाच्या टूलबॉक्समधल्या बेअरिंगच्या बारीक गोळ्या. प्रेक्षक दोन. आजी स्टुलावर, आई सिंकला टेकून.

"जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स," सावनीने कागद धरला. "बॉर्न एटीन नाइन्टीन, स्क्रीन, काउंटी स्लायगो—"

"मराठीत बोल वं," आजी म्हणाली. "माह्या डोक्शावरून चाललं सगळं."

सावनी अडखळली, पण लागली बोलायला. "तो आयर्लंडमध्ये... समुद्राजवळ एक छोटं गाव, तिकडे बॉर्न झाला. त्याचे डॅड चर्चमध्ये होते. तो घरात सगळ्यात लहान. एकदा तो समुद्रात पोहत होता तर मोठी वेव्ह आली आणि तो वाहूनच जाणार होता. म्हणतात, तेव्हापासून त्याला लाटांचं... म्हणजे वेव्हज का येतात, ते शोधायचं होतं."

"घाबराचं सोडून शोधत बसला?"

"हो ना. मग तो फिफ्टीन असताना त्याचे डॅड गेले." सावनी थांबली नाही, कागदावर पुढचीच ओळ होती. "मग तो केम्ब्रिजला प्रोफेसर झाला. एकाच खुर्चीवर फिफ्टी फोर इयर्स."

"चोपन वर्षं! बाप्पा! पाय नाही अवघडले त्याचे?"

सावनी हसली. खूप दिवसांनी घरात कुणीतरी हसलं, हे संघप्रियाने पाहिलं. टीव्हीचा आवाज बंद असताना पाहावं तसं.

"आता बघा हं." सावनीने गोळी तेलात सोडली. गोळी खाली निघाली. "स्टार्टला ती फास्ट होणार असं वाटतं ना? पण तेल तिला अडवतं. जेवढी ती जोरात जाईल तेवढं जास्त अडवतं. मग खाली ओढणारा आणि अडवणारा, दोघांचा फोर्स सेम होतो. आणि इथून..." तिने बरणीवर बोट ठेवलं, "इथून खाली तिचा स्पीड बदलतच नाही. ती पडतेच आहे, पण कोणी ओढत नाही, कोणी ढकलत नाही असं वाटतं तिला. हे त्याने मॅथ्सने काढलं. ढग पण तसेच. ढगातले थेंब पण पडतच असतात, फक्त इतके छोटे, इतके स्लो, की आपल्याला वाटतं ते वर थांबलेत."

संघप्रिया गोळीकडे पाहत राहिली. सारख्या वेगाने, न थरथरता, गोळी तळाशी गेली आणि टेकली. आवाजही झाला नाही.

"एवढा शिकेल माणूस, अन् तेलात गोट्या टाकत बसला," भागीरथाबाई म्हणाल्या. मग त्या स्वतःच पुढे वाकल्या, एक गोळी उचलली आणि तेलात सोडली. ती उतरत असताना त्यांच्या तोंडून हलक्या आवाजात निघालं. मार्चपासून त्यांनी ओवी म्हटली नव्हती.

तेलाच्या डोहात बाई, गोळी जाते खाली खाली,
मोजता मोजता लेकरा, सांज कवा रे झाली...

गोळी टेकली. त्यांनी पदराने बोटं पुसली. "लगन झालं होतं का त्याचं?"

"हो. मेरी नावाची." सावनीने कागद उलटला. "पण लग्नाआधी तिला त्याने खूप लांब लांब लेटर्स लिहिली. तो बोलायचा कमी, पण लेटर्स लांब. एकदा त्याने लिहिलं की तुला नको असेल तर आत्ताच नाही म्हण. मी मग मरेपर्यंत नुसतं विचार करणारं मशीन म्हणून राहीन. घरातल्या प्रेमाची ऊब नसलेलं मशीन."

"मंग? नाही म्हणली का ते?"

"नाही आजी, केलं तिने लग्न. पण त्यांच्या दोन बेबी गर्ल्स लहानपणीच गेल्या." सावनीने घड्याळ बघितलं. "दॅट्स ऑल. फोर मिनिट्स. आई, कसं झालं?"

"चांगलं," संघप्रिया म्हणाली.

ती बरणी धुवायला वळली आणि मग तिला आठवलं, की बरणी धुवायची नाहीये. मशीन, तिने मनात म्हटलं. पोरीने मशीनजवळ राहू नये. काकाकडे माणसं आहेत. या विचाराने काही दुखलं नाही. दुखायला हवं होतं, एवढं तिला कळलं.

बुधवारी दुपारी सिराजभाईंनी तिला आत बोलावलं. सिराजभाई रत्नागिरीचे, लॅबमध्ये सगळ्यांत जुने. नळी धरायला तिला त्यांनीच शिकवलेलं. टेबलावर तिच्या अकरा दिवसांच्या शीट पसरलेल्या होत्या.

"बस. चाय घेशील?"

"चालेल."

"चालेल तर चालेल." त्यांनी चहा मागवला नाही. चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय आहे, सांग."

लॅबचा नेम असा : एकच तेल दोन नळ्यांत भरायचं, दोनदा मोजायचं. दोन्ही आकडे जवळपास जुळले तरच रिपोर्ट. एकदाच मोजलेलं तिथे मोजलेलं धरत नाहीत.

संघप्रियाने पाहिलं. पहिलं रीडिंग तीनशे बारा पूर्णांक चार. दुसरं तीनशे बारा पूर्णांक सहा. खाली दुसरं तेल, एकशे नव्वद पूर्णांक एक. पुढे एकशे नव्वद पूर्णांक तीन. पानभर. पानांमागून पानं. प्रत्येक ठिकाणी दुसरं रीडिंग पहिल्यापेक्षा बरोबर दोन दशांशांनी जास्त.

"माझ्या तीस वर्षांत अशी शहाणी नळी बघितली नाय मी," सिराजभाई म्हणाले. "कधी कमी येतं, कधी जास्त येतं. दुपारी हात जड असतो, सकाळी हलका. हे दुसरं तू मोजलंसच नाय. बसल्या बसल्या लिहिलंस."

"हो," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं छातीत धडधडेल. धडधडलं नाही.

"रडत पण नाय तू. रडलीस तर मला सोपं जाईल." ते खिडकीकडे बघत म्हणाले. बाहेर दोन दिवसांपासूनची धूळ हवेत तशीच लटकलेली होती, सूर्य पितळेच्या झाकणासारखा. "ऑफिसात अजून बोललो नाय मी. कपाटात सगळ्या बाटल्या शिल्लक आहेत. अकरा दिवसांचं दुसरं रीडिंग आज काढ. उद्या काढ. अमीरला देतो मदतीला. आणि जे चुकलेलं निघेल त्याचा रिपोर्ट बदलून मी माझ्या सहीने पाठवीन, कंपनीला खरं काय ते सांगून. त्याच्यावर जे व्हायचं ते होईल, इंशाल्ला बरंच होईल. खलास. यल्ला, ऊठ."

लॅबमधला अमीर दुसऱ्या टेबलावरून बाटल्या लावून देत गेला आणि ती नळ्या भरत गेली. तेल उतरायचं, ती बटण दाबायची. जुळलं. पुढची बाटली. जुळलं. चार वाजेपर्यंत चौदा झाल्या आणि चौदाच्या चौदा जुळल्या, आणि तिला वाटायला लागलं, बघा, दुसऱ्यांदा न मोजूनही काय बिघडलं होतं?

पंधरावी जुळली नाही.

कुठल्याशा टगबोटीच्या इंजिनाचं तेल. रिपोर्टमध्ये लिहिलेलं, ठीक आहे. आता नळीतून ते इतकं लवकर खाली आलं, की तिचं बोट बटणावर उशिराच पडलं असेल असं तिला वाटलं. पण बोट वेळेवर पडलं होतं. तेल पातळ झालेलं होतं. त्यात डिझेल मिसळत होतं. पहिल्यांदा नळीत बुडबुडा राहिला असणार. बुडबुडा अडकला की तेल थांबत थांबत उतरतं आणि आकडा चांगला येतो. दुसऱ्यांदा मोजलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

"जुळत नाय?" अमीरने विचारलं.

"नाही."

"मग तिसरं लावा."

तिने तिसरी नळी घेतली. भरताना तिच्या बोटांना तेलाचा कोमटपणा लागला. इतके महिने ते कोमटच होतं. आज लागलं, एवढंच.

गुरुवारी सकाळी ती सावनीला स्वतः शाळेत सोडायला निघाली. बस चुकवली, कारण बसमध्ये तेलाची बरणी कोण सांभाळणार. सावनी पुढच्या सीटवर, मांडीवर बरणी, बरणीला प्लास्टिक आणि रबरबँड. राउंडअबाउट एकामागून एक मागे पडले. त्या एका राउंडअबाउटला दोघींनी समोरच पाहिलं.

शाळेच्या अलीकडे संघप्रियाने गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" सावनीचा आवाज एकदम बारीक झाला. "आई? गाडी का थांबवली?"

"मला काही झालं नाही. मी बरी आहे." तिने मुद्दाम हँडब्रेक ओढला नाही, पाय ब्रेकवर दाबून धरला. "सावनी, तुला आजीबरोबर जायचंय?"

"यू ऑलरेडी आस्क्ड."

"एकदाच विचारलं होतं. आता दुसऱ्यांदा विचारतेय."

सावनी बरणीकडे बघत राहिली. गाडीच्या धक्क्यांनी तळाच्या गोळ्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या.

"फर्स्ट टाइम तू विचारलं नव्हतंस," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस. मला वाटलं, तुला मी नको. मी बाबासारखी दिसते म्हणून."

संघप्रिया स्टिअरिंग सोडून तिच्याकडे वळली.

"मला नाही जायचं," सावनी म्हणाली. मराठीत, सगळं वाक्य मराठीत.

मागून एका गाडीने हॉर्न दिला आणि ती बाजूने निघून गेली.

"दोन जुळली नाहीत," संघप्रिया म्हणाली. "मग तिसरं लावतात."

"म्हणजे?"

"म्हणजे आता तू मला विचार."

सावनीने तिच्याकडे पाहिलं. बरणी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आई. तुला मला पाठवायचंय?"

"नाही."

शब्द बाहेर पडला तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला, थकलेल्या, घोगऱ्या. पण तो तिनेच म्हटला होता, आणि तो चालेल नव्हता. डोळे कोरडेच होते. राहू देत, तिला वाटलं.

रबरबँडखालून तेल झिरपून सावनीच्या युनिफॉर्मवर ओघळायला लागलं होतं. "ओ नो, आई, टिश्यू!" टिश्यू नव्हता. संघप्रियाने पर्स चाचपली, हाताला आला तो कागद काढला, चार घड्या केल्या आणि बरणीखाली सरकवला. सहीच्या जागेवरून तेल हळूहळू पसरत गेलं. अक्षरांमधून पलीकडची अक्षरं दिसायला लागली.

"हा टीसीचा फॉर्म आहे," सावनी म्हणाली.

"हो."

"मग आजी?"

भागीरथाबाई घरी असतील. बॅग भरत असतील. सावनीचे फ्रॉक तळाशी, स्वतःची लुगडी वर. परवा त्या विमानात एकट्या बसतील, शेजारच्या सीटवर कुणी परकं माणूस. संघप्रियाला ते स्पष्ट दिसलं आणि छातीत कुठेतरी, फार खोल, गोळी टेकावी तसं काहीतरी टेकलं.

"आज संध्याकाळी सांगू," ती म्हणाली. "दोघी मिळून. तू मराठीत सांग."

तिने पाय ब्रेकवरून उचलला.